धुळीत पडलेला बिल्ला

शेवटचं दृश्य आधी सांगतो, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. चार गुंड मरून पडले आहेत. इतका वेळ दारं-खिडक्या लावून बसलेला गाव आता बाहेर येऊन कडं करून उभा आहे. गावचा कायदा सांभाळणारा मार्शल विल केन छातीवरचा बिल्ला काढतो, एकदा लोकांकडे बघतो आणि तो धुळीत टाकतो. मग बायकोला घेऊन घोडागाडीत बसतो आणि निघून जातो. कोणी काही बोलत नाही. 'हाय नून' हा १९५२ सालचा चित्रपट इथे संपतो.

१९७१ साली 'प्लेबॉय' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत काउबॉय-शेरीफांच्या 'वेस्टर्न' चित्रपटांचा मोठा नट जॉन वेन याने हेच दृश्य सांगितलं. आयुष्यात पाहिलेली ही सर्वांत अमेरिकाद्रोही गोष्ट, असं तो म्हणाला. शेवटी केनची भूमिका करणारा गॅरी कूपर युनायटेड स्टेट्स मार्शलचा बिल्ला पायाखाली घालतो आणि त्यावर पाय देतो, असं त्याचं वर्णन होतं.

कूपर पाय देत नाही. बिल्लाही युनायटेड स्टेट्सचा नाही. केन हॅडलीव्हिल नावाच्या छोट्या गावाचा मार्शल आहे, गावच्या पंचांनी नेमलेला. बिल्ला गावाने दिलेला आणि गावाच्याच पायाशी टाकलेला. वेनच्या आठवणीत मात्र त्या पत्र्याच्या तुकड्यावर अख्खा देश चढला आणि त्यावर एक बूटही पडला.

वेन खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला ते खरंच तसं दिसलं असावं. म्हणून एका चित्रपटाबद्दल दोन मतं का पडतात, हे तपासायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. मतं वेगळी असतात हे आपण गृहीतच धरतो, पण इथे पाहिलेली चित्रंच वेगळी आहेत.

गोष्ट साधी आहे. रविवारची सकाळ. साडेदहा वाजून गेलेत. केनचं नुकतंच एमीशी लग्न लागलंय. एमी क्वेकर पंथाची, शस्त्र न धरणाऱ्यांतली. केन नोकरी सोडून दुकान टाकायला निघालाय, नवा मार्शल उद्या येणार आहे. तेवढ्यात तार येते. पाच वर्षांपूर्वी त्यानेच पकडून दिलेला फ्रँक मिलर माफी मिळून सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. स्टेशनावर त्याचे तीन साथीदार वाट बघत बसलेत. केन आधी गाव सोडतो, मग वाटेतून परत फिरतो आणि मदतीला माणसं गोळा करू लागतो. एकही माणूस मिळत नाही. चित्रपटाची लांबी ८५ मिनिटं, आणि पडद्यावरचं घड्याळ जवळपास प्रेक्षकाच्या घड्याळाबरोबर चालतं.

आता कॅमेऱ्यामागचं बघू. पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता. त्या काळात अमेरिकी प्रतिनिधीगृहाची एक समिती 'अमेरिकाविरोधी कारवायां'ची चौकशी करत होती आणि हॉलिवूड तिचं आवडतं शेत होतं. समितीपुढे जाऊन जुन्या सहकाऱ्यांची नावं सांगितली तर काम चालू राहायचं. नाही सांगितली तर नाव काळ्या यादीत, आणि मग कोणी दारात उभं करत नसे. फोरमनला बोलावणं आलं ते या चित्रपटाच्या वेळीच. २४ सप्टेंबर १९५१ रोजी, चित्रीकरण चालू असताना, तो समितीपुढे उभा राहिला. आज मी पक्षात नाही, एवढं त्याने सांगितलं. कोणाचंही नाव घेतलं नाही.

निर्माता स्टॅन्ली क्रेमर त्याचा भागीदार आणि मित्र. त्याने फोरमनचा हिस्सा विकत घेऊन त्याला कंपनीबाहेर काढलं. फोरमन इंग्लंडला गेला. पुढे 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची पटकथा त्याने आणखी एका काळ्या यादीतल्या लेखकाबरोबर लिहिली, पण ऑस्कर दिलं गेलं मूळ कादंबरीच्या फ्रेंच लेखकाला, ज्याने ती पटकथा लिहिलीच नव्हती. फोरमनच्या नावावर ते चढलं १९८४ नंतर, आणि तोवर तो गेला होता. 'हाय नून'मधल्या गावकऱ्यांच्या तोंडची वाक्यं आपल्याला त्या दिवसांत प्रत्यक्ष ऐकावी लागली होती, असं फोरमन पुढे सांगत असे.

हे कळलं की चित्रपट एकदम कुलूप उघडल्यासारखा उघडतो. मिलर म्हणजे समिती, हॅडलीव्हिल म्हणजे हॉलिवूड, केन म्हणजे फोरमन. वेनलाही तो असाच दिसला होता, फक्त त्याच्या लेखी खलनायक दुसरा होता. कम्युनिस्टांविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'मोशन पिक्चर अलायन्स' या संघटनेचा तो त्या वर्षांत अध्यक्ष होता. फोरमनला देशाबाहेर घालवायला हातभार लावला याची खंत नाही, हेही त्याने त्याच मुलाखतीत सांगितलं. म्हणजे फोरमन आणि वेन या कट्टर विरोधकांचं चित्रपटाच्या अर्थाबद्दल एकमत होतं! भांडण होतं ते त्या अर्थाचं काय करायचं यावर.

पण ही किल्ली सगळ्या दारांना लागत नाही. दिग्दर्शक फ्रेड झिनेमन ऑस्ट्रियातून आलेला ज्यू. त्याचे आईवडील नाझींच्या वंशसंहारात मारले गेले. त्याच्या मते हा सदसद्विवेकाला स्मरून निर्णय घेणाऱ्या एका माणसाचा चित्रपट होता. चौकशी समितीचं रूपक वगैरे त्याने कधी फारसं मनावर घेतलं नाही. शेजारी खिडक्या लावून घेतात आणि रस्त्यावरून एक माणूस एकटा चालत जातो, हे दृश्य घ्यायला त्याला वॉशिंग्टनची गरज नव्हती.

आणि कूपर? तो पक्का रिपब्लिकन. १९४७ साली याच समितीपुढे तो 'मित्र साक्षीदार' म्हणून, म्हणजे समितीच्या बाजूने बोलायला, जाऊन आला होता. कम्युनिस्ट विचारांचा वास आल्यामुळे आपण काही पटकथा नाकारल्या, असं त्याने सांगितलं होतं. कोणत्या, ते मात्र त्याला आठवेना. तोच कूपर फोरमनच्या पाठीशी उभा राहिला. फोरमन नवी कंपनी काढणार होता, तिच्यात पैसे घालण्याचं कूपरने जाहीरही केलं. मग दबाव आला आणि त्याने अंग काढून घेतलं. फोरमनने त्याला दोष दिला नाही. मोठ्या नटांपैकी निदान प्रयत्न केला तो एवढ्यानेच, असं तो म्हणत राहिला.

चित्रपटात हर्ब बेकर नावाचा एक माणूस आहे. सकाळी स्वतःहून येऊन सांगतो, मी तुझ्याबरोबर आहे. बाराला काही मिनिटं उरलेली असताना पुन्हा येतो, दुसरं कोणी आलेलं नाही असं पाहतो, बायकापोरांचं नाव काढतो आणि जातो. पडद्यावर ज्याला कूपरने जाऊ दिलं, त्याचीच भूमिका पडद्याबाहेर कूपरच्या वाट्याला आली. केन त्याला म्हणतो, घरी जा, मुलांकडे जा. हे वाक्य कूपर ज्या थकलेल्या चेहऱ्याने म्हणतो, तो चेहरा मला फोरमनचा वाटतो.

वेनकडे परत जाऊ, कारण त्याच्याबाबतीत एक गंमत झाली. मार्च १९५३ मध्ये ऑस्कर समारंभ पहिल्यांदाच दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. 'हाय नून'ला सात नामांकनं होती, चार पुरस्कार मिळाले: अभिनय, संकलन, संगीत आणि गाणं. कूपर हजर नव्हता. त्याच्या वतीने बाहुली घ्यायला मंचावर आला जॉन वेन. कूपरची त्याने तोंडभरून स्तुती केली. वर म्हणाला, आता मी जाऊन माझ्या एजंटला आणि मॅनेजरला विचारणार आहे की हा चित्रपट कूपरऐवजी मला का मिळाला नाही. सगळे हसले. हे सौजन्य होतं की मनातलं होतं, यावर वाद घालता येईल. मला दोन्ही वाटतं. केनची भूमिका कोणत्याही वेस्टर्न नटाला हवीहवीशी वाटावी अशीच आहे. वेनला खुपला तो गाव. अमेरिकन गावातली माणसं, तीही चर्चमधून नुकतीच प्रार्थना करून उठलेली, अशी घाबरट असू शकतात हे त्याला मान्य नव्हतं.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचं दुखणं वेगळं होतं. तो शेरीफच्या पेशाच्या अंगाने चिडला होता. चांगला शेरीफ डोकं उडवलेल्या कोंबडीसारखा गावभर मदत मागत पळत नाही, आणि शेवटी त्याला वाचवतं कोण, तर त्याची क्वेकर बायको! असा त्याचा आक्षेप. नुसता बोलून तो थांबला नाही. १९५९ साली वेनलाच घेऊन त्याने 'रिओ ब्राव्हो' काढला, आणि तो 'हाय नून' न आवडल्यामुळे काढला, हे उघड सांगितलं. ८५ मिनिटांच्या तक्रारीला १४१ मिनिटांचं उत्तर.

हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत. मी एकदा शनिवार-रविवार पाहिले आणि कागदावर दोन याद्या केल्या. 'हाय नून'मध्ये केनला मदत करायला खरोखर तयार असतात ते कोण? एक डोळा गेलेला दारुडा जिमी. वय सोळा सांगणारा चौदा वर्षांचा पोरगा. दोघांनाही केन परत पाठवतो. ज्याच्यामुळे तो या पेशात आला तो म्हातारा माजी मार्शल हाऊ, हातांची बोटं संधिवाताने वाकलेली, माझा तुला अडथळाच होईल म्हणतो, आणि केन ते मान्य करतो. आता 'रिओ ब्राव्हो'. वेनच्या शेरीफबरोबर शेवटपर्यंत असतात ते कोण? एक दारुडा, डीन मार्टिन. एक कोवळा पोरगा, रिकी नेल्सन. एक लंगडा म्हातारा, वॉल्टर ब्रेनन. आणि ऐन मोक्याच्या क्षणी खिडकीतून कुंडी फेकून वेनचा जीव वाचवायला मदत करणारी एक बाई.

केनने नाकारलेलीच माणसं हॉक्सने उचलली. हे त्याने मुद्दाम केलं की नाही, हा भाग गौण. 'रिओ ब्राव्हो'चा शेरीफ मदत मागत नाही हे खरं, पण पावलोपावली घेतो. आणि केन गावभर मदत मागतो, पण जी मिळते ती घेत नाही. त्याला धडधाकट, घरदार असलेली, प्रतिष्ठित माणसं हवी आहेत, कारण कायद्याचं काम गावाच्या नावाने व्हावं असं त्याला वाटतं. जुन्या पश्चिमेत मार्शलने नागरिकांना शपथ देऊन तात्पुरते डेप्युटी करणं हा रिवाजच होता. त्यामुळे मदत मागणं म्हणजे रडणं, हा हॉक्सचा मुद्दा कायद्याच्या बाजूने टिकत नाही. पण दुसऱ्या बाजूने त्याने केनची एक खरी चूक पकडली, आणि तिचा उच्चार मात्र कधी केला नाही: दारात आलेल्या माणसांकडे केनने नीट बघितलं नाही.

समीक्षकांचं थोडक्यात उरकतो. फ्रान्समध्ये आंद्रे बाझँने अशा चित्रपटांना 'सुपरवेस्टर्न' म्हटलं. नुसतं वेस्टर्न असण्याची ज्याला लाज वाटते आणि म्हणून जो बाहेरून काहीतरी भारदस्त उसनं आणतो, तो सुपरवेस्टर्न. हे वाक्य छान आहे आणि 'हाय नून'ला थोडं लागूही पडतं. गावातला प्रत्येक जण एकेक सबब हातात धरूनच जन्माला आलाय असं कधी कधी वाटतं. पण बाझँचा आक्षेप खरा मानला तर कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीने केलेलं काम कुठे बसवायचं? आकाशात एक सुरेख ढग येऊ दिलेला नाही. आभाळ पांढरंफट्ट, उन्हाने भाजलेलं, जुन्या यादवी युद्धाच्या छायाचित्रांसारखं. पन्नाशीच्या कूपरच्या तोंडावर मेकअप नसल्यासारखा दिसतो, आणि त्या दिवसांत तो खरोखरच आजारी होता. यात उसनं काय आहे?

मला जास्त रस आहे तो साध्या प्रेक्षकांत. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी चौघांनी मिळून हा चित्रपट पाहिला. काका अकरा वर्षं त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. चर्चमधली सभा सुरू झाली तसे ते खुर्चीत पुढे सरकून बसले. आधी पोरांना बाहेर पाठवतात. मग हात वर करून एकेक जण बोलतो. कोणी म्हणतं, हे पोलिसांचं काम, आपण कर भरतो कशाला. कोणी म्हणतं, हा दोघांचा खासगी वाद. एक बाई उभी राहून सगळ्यांना खडसावते. मग महापौर हेंडरसन उठतो, केनचा सगळ्यात जवळचा मित्र. या गावाने केनचं किती देणं लागतं, यावर तो इतकं सुंदर बोलतो की आता दहा माणसं उठणार असं वाटतं. आणि त्याच सुरात पुढे सांगतो की उत्तरेकडची मंडळी इथे पैसा गुंतवायचा विचार करताहेत, दुकानं येतील, कारखाने येतील, रस्त्यावर गोळीबार झाल्याचं त्यांनी वाचलं तर सगळं बोंबललं. तेव्हा विल, तू गेलेलाच बरा.

"हा हेंडरसन मला रोज लिफ्टमध्ये भेटायचा," काका म्हणाले.

मावशीला चर्च महत्त्वाचं वाटलंच नाही. तिची नजर हॉटेलच्या जिन्यावर होती. बाराच्या गाडीची वाट बघत एमी खाली बसलेली असते, आणि वर राहते हेलन रमिरेझ, मेक्सिकन बाई, गावातल्या दुकानाची मालकीण. आधी मिलरची, मग केनची, आता डेप्युटी हार्वेची. केटी हुराडोने ही भूमिका केली आणि गोल्डन ग्लोब मिळवलं. हेलन घाईघाईत धंदा विकते आणि त्याच गाडीने जायला निघते. आपल्यासारख्या मेक्सिकन बाईला या गावात राहणं कसं असतं ते ती एमीला सांगते. एमी म्हणते, मी समजू शकते. हेलन म्हणते, पण मी तुला समजू शकत नाही. तो माझा माणूस असता तर मी गेले नसते, बंदूक उचलली असती. केन तिला भेटायला येतो तेव्हा दोघं दोन-तीन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलतात, आणि पडद्यावर त्याचं भाषांतर येत नाही. वर्ष झालं तुला पाहून, एवढंच ती म्हणते. मावशीला स्पॅनिश येत नाही. तरी ती म्हणाली, "लग्न याच्याशी व्हायला हवं होतं."

हॉक्सला जी क्वेकर बायको खुपली, तिच्यावर मावशी आणि काकांची चांगलीच जुंपली. पहिल्या गोळीचा आवाज ऐकून एमी गाडीतून उतरते, धावत येते, आणि खिडकीतून एका गुंडाला पाठीत गोळी घालते. बाप आणि भाऊ गोळीने गेले म्हणून जिने शस्त्र सोडलं, तीच. काकांच्या मते ती शहाणी झाली. मावशीच्या मते हरली, कारण एवढ्या गावातल्या पुरुषांनी जे केलं नाही ते तिला आपली श्रद्धा मोडून करावं लागलं. झिनेमन गोळी सुटल्यावर एमीचा चेहरा दाखवतो. त्यावर विजयाची खूण नाही. मी मावशीच्या बाजूने आहे.

मिलरबद्दल मात्र कोणीच फार बोललं नाही, आणि हे नेहमीचंच आहे. तो येतो शेवटी, बोलतो जेमतेम, त्याला स्वभाव असा दिलेलाच नाही. इतक्या परस्परविरोधी प्रेक्षकांना हा चित्रपट आपला वाटतो, त्याचं एक कारण या रिकाम्या जागेत आहे. रिपब्लिकन आयझेनहॉवर याचा चाहता होता, आणि डेमोक्रॅट क्लिंटनने व्हाइट हाउसमध्ये तो पुन्हा पुन्हा लावला. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या कोणालाही आपण केन आहोत असंच वाटणार. आपण हेंडरसन आहोत असं म्हणत हा चित्रपट पाहिलेला राष्ट्राध्यक्ष मला माहीत नाही.

या बाबतीत पोलंडने सगळ्यांवर मात केली. ४ जून १९८९ रोजी तिथे कम्युनिस्ट राजवटीतली पहिली अंशतः मुक्त निवडणूक झाली. राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेच्या बाजूने तोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने एक पोस्टर केलं: समोरून चालत येणारा गॅरी कूपर, मागे सॉलिडॅरिटीची लाल अक्षरं, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, खाली तारीख आणि वर मजकूर, भर दुपारी. वेनला जो चित्रपट कम्युनिस्टांच्या बाजूचा वाटला, त्यातलाच माणूस कम्युनिस्टांविरुद्ध उभा केला गेला. पण पोस्टरमधला बारीक बदल बघा. कूपरच्या छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला आहे, मार्शलच्या बिल्ल्याच्या वर लावलेला. पोलिश मतदारांना त्याने तो टाकून द्यायला नको होता. त्या वेळी तिथे गाव घाबरून घरात बसला नाही. जिंकण्यासाठी खुल्या ठेवलेल्या जागा सॉलिडॅरिटीने जवळजवळ सगळ्या जिंकल्या.

एवढं सगळं झाल्यावर मी तो शेवट पुन्हा लावला, बूट बघायला. पाय खरंच हलत नाही. बिल्ला पडतो, केन वळतो. काका म्हणाले, "टाकायला नको होता, परत द्यायचा." मावशी म्हणाली, "कोणाला?"

मग मला दिसलं, जे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. गर्दी नुसती उभी आहे, महापौर आहे, हात जोडून सांत्वन करायलाही कोणी पुढे येत नाही. घोडागाडी मात्र येऊन थांबते. ती हाकत आणलीय त्या चौदा वर्षांच्या पोराने, ज्याला थोड्याच वेळापूर्वी केनने घरी पाठवलं होतं.